रात्रीची रॅली बघणाऱ्यांसाठी

प्रस्तावना

मोटारींची स्पर्धा म्हटली की डोळ्यांसमोर गोल ट्रॅक येतो, माणसांनी भरलेले स्टँड येतात, फडकणारे झेंडे आणि वळणावळणावरचे कॅमेरे येतात. या पुस्तकात ज्या स्पर्धेबद्दल लिहिलं आहे तिच्यात यातलं काहीच नाही. मध्य आणि पश्चिम वेल्सच्या डोंगराळ मुलखात, मध्यरात्र उलटल्यावर, एका गाडीपुरत्या रुंदीच्या रस्त्यांवर ती चालते. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, बांधावर दाट कुंपण, रस्त्याच्या मधोमध गवताची पट्टी. गाडी दिसते ती पाच-सात सेकंद. मग पुन्हा अंधार आणि पुढच्या गाडीची वाट. तरीही पावसात, थंडीत, शेताच्या फाटकाशी माणसं पहाटेपर्यंत उभी असतात; त्यांच्यातल्या कितीजणांचे वडीलही तरुणपणी तसेच उभे राहिलेले असतात. ही माणसं काय बघतात आणि ते कसं बघावं, हा या पुस्तकाचा विषय.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नाइट रोड रॅली प्रेक्षकांसाठी भरवली जात नाही. तिला तिकीट नाही, गॅलरी नाही, आणि तिचा मार्ग आधी जाहीर होत नाही. प्रेक्षक तिथे आपल्या हौसेने जातो, दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या झोपेच्या वेळी. म्हणून या खेळात प्रेक्षकावर जेवढी जबाबदारी पडते तेवढी क्रिकेटच्या मैदानावर किंवा फॉर्म्युला वनच्या स्टँडमध्ये कधीच पडत नाही. तो शहाण्यासारखा वागला तर पुढच्या वर्षी स्पर्धा त्या रस्त्यावर परत येते. बेफिकीर वागला तर येत नाही. बघण्याचं कौशल्य आणि बघण्याची नीती या खेळात एकमेकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. पुढच्या साऱ्या पानांचा गाभा हाच आहे.

*

आधी खेळ समजून घेऊ. कायद्याच्या नजरेत ही शर्यत नाहीच. ब्रिटनमध्ये १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टचं १२वं कलम सार्वजनिक रस्त्यावर मोटारींची शर्यत लावायला मनाई करतं. १३वं कलम मात्र रीतसर परवानगी घेऊन, अटी पाळून भरवलेल्या स्पर्धांना वाट मोकळी ठेवतं. या अटींची चौकट १९६९ च्या नियमावलीतून आलेली आहे, आणि मंजुरीचं काम मोटरस्पोर्ट यूके ही संस्था बघते. सर्वांत महत्त्वाची अट वेगाची: ताशी ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर, यापेक्षा जास्त सरासरी आयोजकाने स्पर्धकाकडून मागायची नाही. रस्ता बंद केलेला नसतो. समोरून रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स येऊ शकते, दुधाचा टँकर येऊ शकतो, सुटलेली मेंढरं येऊ शकतात, आणि त्या रस्त्यावर त्या सर्वांचा हक्क स्पर्धकाइतकाच असतो.

ताशी ३० मैल ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेब मांडला की त्यातली मेख कळते. २ मिनिटांत १ मैल, म्हणजे ३ मैलांच्या टप्प्याला ६ मिनिटं. त्या ३ मैलांत चार-पाच काटकोनी तिठे आले, चढावरची आंधळी वळणं आली, गुरं ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात बसवलेली लोखंडी जाळी आली, रस्त्यावरून वाहणारा ओढा आला, आणि एका तिठ्यावर नकाशा वाचताना क्षणभर घोटाळा झाला, की गेलेलं मिनिट परत मिळवणं महाकठीण. गाड्या एकेका मिनिटाच्या अंतराने सोडतात. वाटेत ठरावीक ठिकाणी मार्शल घड्याळ घेऊन उभे असतात. प्रत्येक गाडीच्या कार्डावर ते वेळ टाकून सही करतात. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दंड, आणि वेळेआधी पोहोचलं तरी दंड. शिवाय गाडी खरोखर ठरलेल्या वाटेनेच आली याचा पुरावा म्हणून कडेला लहान पाट्यांवर अक्षरं लावलेली असतात, ती चालकाशेजारी बसून वाट सांगणाऱ्या नॅव्हिगेटरने टिपून घ्यायची. एक पाटी हुकली की रात्रभराची मेहनत पाण्यात.

मग ही स्पर्धा रात्रीच का? रात्री या रस्त्यांवर वर्दळ जवळजवळ नसते, हे उघड कारण. दुसरं कारण या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यालाच नीट कळतं. दिवसा उंच कुंपणामागून येणारी गाडी वळण संपेपर्यंत दिसत नाही. रात्री तिच्या दिव्यांचा उजेड तिच्या कितीतरी आधी कुंपणावर, झाडांच्या शेंड्यांवर, धुकं असेल तर धुक्यावर पसरतो, आणि समोरून कुणीतरी येतंय हे वळणाच्या अलीकडेच समजतं. अरुंद, आंधळ्या रस्त्यावर काळोख असा चालकाला सावध करतो. तिसरं कारण खेळाच्या मुळाशी आहे: दिवसा नाक्यावरच्या खुणा, चर्चचा मनोरा, दूरची टेकडी यांच्या आधाराने वाट सापडते. रात्री नॅव्हिगेटरच्या हातात उरतो तो फक्त कागदावरचा नकाशा.

*

हा नकाशा म्हणजे या खेळाचं अर्धं अंग आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेच्या लँडरेंजर मालिकेत २०४ नकाशांत सारं ग्रेट ब्रिटन बसवलेलं आहे. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर जमिनीवरचा १ किलोमीटर. एकेक नकाशा ४० किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद प्रदेशाचा. १९७४ मध्ये या प्रमाणाचे नकाशे येऊ लागले. त्याआधीच्या पिढीने १ इंचाला १ मैल या जुन्या नकाशांवर रात्री काढल्या. मध्य वेल्सचे रॅलीवाले गावांची नावं घेतात त्या सहजतेने नकाशांचे आकडे घेतात: १३५ म्हणजे अॅबरिस्टविथ, १४६ म्हणजे लॅम्पिटर आणि लँडोव्हरी, १४७ म्हणजे एलान खोरं. लहान रस्ते नकाशावर पिवळे असतात आणि कच्च्या वाटा पांढऱ्या. त्यामुळे ‘पुढे तीन मैल पिवळा, मग पांढरा’ एवढं ऐकलं की जाणकाराला पुढची दहा मिनिटं कशी जाणार ते समजतं.

स्पर्धकाला मार्ग निघण्याच्या थोडा वेळ आधी मिळतो, कधी धावत्या गाडीत. तो सरळ रेघेने आखून दिलेला नसतो. कधी सहा किंवा आठ आकड्यांचे नकाशा-संदर्भ असतात, कधी वाटेवरच्या उंचीच्या आकड्यांची माळ असते, कधी तिठ्यातिठ्याच्या लहान आकृत्या असतात. नॅव्हिगेटरच्या मांडीवर नकाशाची पाटी असते, हातात अंतर मोजायची पारदर्शक पट्टी, आणि डोळ्याला आत दिवा बसवलेलं भिंग. रॅलीवाले त्याला पोटी म्हणतात. गाडी उसळत असते, अंग एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे फेकलं जात असतं, आणि या माणसाला ठिपक्याएवढं वळण वाचून चालकाला वेळेत सांगायचं असतं. दिवसाच्या रॅलीत नाव चालकाचं होतं. रात्रीच्या रॅलीत मात्र जिंकणारी गाडी बहुतेक वेळा चांगल्या नॅव्हिगेटरची असते.

वेल्सने जगाला नामवंत सहचालक दिले, यात मला नवल वाटत नाही. रॅलीचालक कॉलिन मॅक्रेच्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेला निकी ग्रिस्ट वेल्सचा. २००३ मध्ये पेटर सोलबर्ग जगज्जेता झाला तेव्हा त्याच्या शेजारी बसलेला फिल मिल्सही वेल्सचा. ज्या मुलखातल्या क्लबांमध्ये नकाशा वाचणं हा मैदानी खेळ आहे, तिथे अशी माणसं घडणारच.

*

इतिहासाची रूपरेषा थोडक्यात सांगतो; तपशील आतल्या प्रकरणात आहे. १९३२ च्या पहिल्या आरएसी रॅलीत नऊ वेगवेगळ्या शहरांतून गाड्या सुटल्या आणि सुमारे १००० मैल कापून टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी जमल्या. तेव्हाची रॅली म्हणजे लांबचा प्रवास आणि घड्याळ. १९६० मध्ये स्कॉटलंडच्या अर्गाइलमध्ये वनखात्याचा बंद रस्ता वेगाच्या कसोटीसाठी मिळाला. एरिक कार्लसनने त्या वर्षी साब गाडीतून रॅली जिंकली, आणि पुढची दोन वर्षंही त्याचीच गेली. तिथून वाटा फुटल्या. मोठ्या स्पर्धा जंगलातल्या बंद रस्त्यांवर गेल्या. गावातल्या क्लबांच्या स्पर्धा गावच्या रस्त्यांवर रात्रीच्या काळोखात राहिल्या. साठ आणि सत्तरच्या दशकांत मोटरिंग न्यूज या साप्ताहिकाच्या नावाची अजिंक्यपद मालिका या रात्रींची शिखरस्पर्धा होती. १९७२ ची आरएसी रॅली फोर्ड एस्कॉर्टमधून जिंकणारा रॉजर क्लार्क क्लबांच्या रॅल्यांमधूनच वर आलेला होता. १९७६ मध्ये त्याने तोच पराक्रम पुन्हा केला.

या भरभराटीने त्रासही आणला. गाड्या वाढल्या, आवाज वाढला, प्रेक्षकांच्या गाड्यांनी गावचे रस्ते अडू लागले, आणि गावकऱ्यांचा संयम संपत चालला. नियम कडक होत गेले: एका भागात किती स्पर्धा, कुठला रस्ता वर्षातून किती वेळा, आवाजाची मर्यादा किती. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा ग्रामीण ब्रिटनच्या वाटाच बंद झाल्या आणि रॅल्या रद्द झाल्या. शेतकऱ्याच्या गोठ्यावर संकट असताना खेळ थांबतो, हे त्या वर्षी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हा खेळ शेतकऱ्याच्या राजीखुशीवर उभा आहे, याचा तो धडाच होता.

*

आता मूळ मुद्दा: बघणं.

पहिली गोष्ट म्हणजे अंधाराला वेळ द्यावा लागतो. माणसाच्या डोळ्याला काळोखाची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पडदा एकदा उघडला की ती कमाई तत्काळ जाते. जो प्रेक्षक गाड्या यायच्या तासभर आधी पोहोचतो, दिवा बंद करतो आणि गप्प उभा राहतो, त्याला हळूहळू कुंपणाचा आकार दिसू लागतो, ओल्या डांबराची चमक दिसू लागते. ढग नसतील तर आकाशही दिसतं, आणि ते कसं दिसतं! ब्रेकन बीकन्सला २०१३ मध्ये, एलान खोऱ्याला २०१५ मध्ये गडद आकाशाचा प्रदेश म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. शहरात वाढलेल्या माणसाला तिथली आकाशगंगा पहिल्यांदा ढगच वाटते.

मग कान. गाडी दिसण्याआधी ती ऐकू येते, आणि जाणकार कानाला ती खूप काही सांगते. दरीपलीकडे इंजिनाचा सूर चढतो, तुटतो, पुन्हा चढतो: चालक गिअर वर टाकतोय, म्हणजे तिथे सरळ रस्ता आहे. सूर एकदम खाली येतो आणि चाकांचा घासल्यासारखा आवाज येतो: तिठा आला. मग सगळं शांत होतं, आणि ती शांतता लांबली की ओळखावं, वाट चुकली आहे. गाडी थांबलीय आणि आत नकाशावर दोन डोकी वाकली आहेत. एस्कॉर्टचा घोगरा आवाज, सुबारू इम्प्रेझाची अडखळल्यासारखी गुरगुर, छोट्या प्यूजोचा तीव्र सूर हे दोन-तीन रात्रींत ओळखू येऊ लागतात. त्यानंतर दिसतो उजेड, गाडीच्या कितीतरी पुढे धावणारा. झाडांच्या सावल्या फिरू लागतात, कुंपणाची पानं कडेने उजळतात, आणि मग गाडी येते.

नवखा प्रेक्षक लांब, सरळ, वेगाचा रस्ता निवडतो. तिथे त्याला दोन दिवे आणि एक झोत यापलीकडे काही मिळत नाही. बघायचं ते तिठ्यावर. गाडी ब्रेक कुठे लावते, वळायला किती जागा घेते, वळून बाहेर पडताना मागची चाकं किती घसरतात, नॅव्हिगेटरची मान वर आहे की नकाशात, हे सारं तिठ्यावर दिसतं. त्यातही उत्तम तो तिठा, जिथे नकाशा फसवतो: मधोमध गवताचा त्रिकोण असलेला, किंवा जिथे ठळक रस्ता डावीकडे जातो आणि खरी वाट उजवीकडच्या बारीक फटीत शिरते. चार गाड्या बरोबर जातात, पाचवी चुकते, शे-दीडशे यार्डांवर तिचे ब्रेकचे दिवे लागतात आणि ती मागे येते. बघणाऱ्याला त्या क्षणी कळतं की ही स्पर्धा दोन माणसांच्या डोक्यांत चालली आहे.

घड्याळ आणि वही हाताशी असेल तर निकालही रस्त्यावर उभ्या उभ्या वाचता येतो. गाड्या एकेका मिनिटाने सुटल्या आहेत. पाचव्या नंबरची गाडी १ वाजून १२ मिनिटांनी गेली आणि सहावी १ वाजून १४ मिनिटांनी, तर सहावीने पाचवीच्या तुलनेत एक मिनिट घालवलं. पुढच्या जागी तीच नोंद केली तर रात्रीची सारी गोष्ट उलगडते: कोण सावरतंय, कोण ढासळतंय, कोण सकाळपर्यंत टिकणार. पूर्वी काही प्रेक्षक असे कागद भरून आणायचे आणि शेवटी सगळ्यांबरोबर सकाळच्या न्याहारीला बसून निकालफलकाशी ताडून बघायचे. ही सवय मोबाइलच्या काळातही जपावी अशी आहे.

आणखी एक आग्रह. पहिल्या वीस गाड्या गेल्या की पुष्कळ प्रेक्षक निघतात, कारण अनुभवी जोड्यांना पुढचे नंबर मिळतात. त्यांनी थांबायला हवं. शेवटी येतात नवशिके: कुणी वडिलांच्या जुन्या गाडीत, कुणी आयुष्यातली पहिलीच रॅली खेळणारे. ते सावकाश येतात, चुकतात, खिडकी खाली करून एकमेकांवर चिडतात आणि तरीही पुढे जातात. पुढे नाव काढणारे चालक आणि नॅव्हिगेटर त्यांच्यातूनच येतात. डोलगेलाई गावच्या एल्फिन इव्हान्सने २०१७ मध्ये वेल्स रॅली जीबी जिंकली. तिथे जिंकलेला तो पहिला वेल्श चालक. त्याचे वडील ग्विंडाफ १९९६ चे ब्रिटिश विजेते. या मुलखात रॅली घरातच असते, आणि घरातला पहिला माणूस बहुधा शेवटच्या नंबरच्या गाडीत बसलेला असतो.

*

आता धोक्याबद्दल, आडपडदा न ठेवता बोलायला हवं. रॅलीच्या इतिहासात प्रेक्षकांचे मृत्यू झाले आहेत. १९८६ मध्ये पोर्तुगालमध्ये रस्त्यावर दाटलेल्या गर्दीत गाडी घुसली आणि माणसं मेली. स्कॉटलंडमध्ये २०१३ च्या स्नोमॅन रॅलीत एक, तर २०१४ च्या जिम क्लार्क रॅलीत तीन प्रेक्षक दगावले. त्यानंतर तिथल्या सरकारने सुरक्षेची सखोल तपासणी करून घेतली. या बंद रस्त्यांवरच्या वेगवान स्पर्धा होत्या. रोड रॅलीत वेग कमी असतो. पण ओल्या पानांवरून घसरणाऱ्या गाडीला स्पर्धेचा प्रकार कळत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहू नये. तिठ्याच्या नाकासमोर, जिथे ब्रेक न लागलेली गाडी सरळ येऊन धडकेल, तिथे नाही. उभं राहायचं ते आतल्या बाजूला, उंचावर, पाठीमागे सरायला जागा असेल अशा ठिकाणी. रस्त्याकडे पाठ करू नये, आणि चालकाच्या डोळ्यांवर टॉर्च किंवा फ्लॅश कधीच मारू नये.

प्रेक्षकाची गाडी हा वेगळाच धोका. १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात लुसियां बियांकीची सित्रोएन आघाडीवर होती. विजय हातात आलेला असताना समोरून आलेल्या एका मिनी गाडीशी तिची धडक झाली, आणि पहिला क्रमांक अँड्र्यू कोवनच्या हिलमन हंटरकडे गेला. उघड्या रस्त्यावर एका परक्या गाडीने काय होतं, त्याचं हे ठळक उदाहरण. म्हणून प्रेक्षकाने गाड्या यायच्या आधी जागेवर पोहोचावं, गाडी रस्त्याबाहेर आणि तोंड परतीच्या दिशेला करून लावावी, दिवे बंद करावेत, आणि शेवटची बंदोबस्ताची गाडी गेल्याशिवाय हलू नये. एखादी स्पर्धक गाडी खड्ड्यात गेलीच, तर आधी आतल्या माणसांची चौकशी, मग वळणाच्या अलीकडे जाऊन मागच्या गाडीला इशारा, आणि ढकलायचं काम त्यानंतर.

*

आणि आता ज्यांचा रस्ता आहे त्यांच्याबद्दल. स्पर्धेआधी क्लबचे कार्यकर्ते मार्गावरच्या घराघरात जातात, दार ठोठावतात, कुठल्या रात्री किती वाजता गाड्या जातील ते सांगतात, आणि घरात आजारी माणूस आहे का, तान्हं बाळ आहे का, घोडे बुजतात का, ते विचारतात. जिथून नकार येतो तो रस्ता वगळला जातो. काही वस्त्यांपुढून गाड्यांना अगदी हळू, आवाज न करता जावं लागतं. मेंढ्या वितात त्या दिवसांत डोंगरातल्या शेतकऱ्याची रात्र आधीच जागरणाची असते. तेव्हा तिथे गाड्या न्यायच्या नाहीत, हे जाणता क्लब न सांगता ओळखतो. ही कामं कुणी पगारावर करत नाही. महिनोन्‌महिने चाललेली ही दारोदारची पायपीट एका प्रेक्षकाच्या उद्धटपणाने वाया जाते: फाटकात लावलेल्या गाडीने, फेकलेल्या बाटलीने, पहाटे तीन वाजता शेतघराखाली वाजवलेल्या गाण्यांनी. फाटकात गाडी लावू नये हा साधा शिष्टाचार वाटेल. पण त्याच रात्री गाय अडली आणि पशुवैद्याची गाडी आत जाऊ शकली नाही, तर तो शेतकरी पुढच्या वर्षी होकार देईल का?

या मुलखाच्या रस्त्यांना जुना इतिहास आहे. ट्रेगॅरनहून अॅबरग्वेसिनकडे डोंगर ओलांडून जाणारा रस्ता मूळचा गुराख्यांच्या तांड्यांचा. याच वाटेने गुरांचे कळप इंग्लंडच्या बाजारांकडे हाकले जात. त्याच्या दक्षिणेला एपिंटचं पठार. १९४० मध्ये लष्कराने ते सरावासाठी ताब्यात घेतलं आणि ५४ घरांतल्या सुमारे २२० माणसांना पिढीजात जमीन सोडून जावं लागलं. आज लष्कराच्या तिथल्या डांबरी रस्त्यांवर रॅल्या होतात; त्या गाड्यांनी कुणाची झोप मोडत नाही, कारण झोपायला तिथे कुणी उरलं नाही. एपिंटवर रॅली बघणाऱ्याने हे माहीत करून घेऊन उभं राहावं. ज्या गावात रात्री खिडकीत दिवा लागतो आणि कुणीतरी वैतागून पडदा बाजूला करतं, ते गाव जिवंत आहे. त्या वैतागाचा मान ठेवणं हे प्रेक्षकाचं काम आहे.

गावाने मनापासून स्वागत केलं तर काय होतं, हे बघायला स्कॉटलंडच्या मल बेटावर जावं. १९६९ पासून तिथे ऑक्टोबरात रॅली होते, बहुतांश रात्रीची. १९९० मध्ये संसदेच्या कायद्याने तिथले रस्ते स्पर्धेपुरते बंद करायची मुभा मिळाली. कायदेशीर अडचणीमुळे २०१७ आणि २०१८ मध्ये ती होऊ शकली नाही, तेव्हा बेटाने तिची वाट पाहिली, आणि २०१९ मध्ये ती परतली. इंग्लंडमध्ये २०१७ पासून, वेल्समध्ये त्याच्या पुढच्या वर्षीपासून रस्ते बंद करून स्पर्धा घेण्याची सोय झाली. अॅबरिस्टविथची रॅली सेरेडिजियन त्यातूनच उभी राहिली आणि पुढे युरोपीय अजिंक्यपदापर्यंत पोहोचली. बंद रस्त्यांची ही वाट मोठी होत जाईल. उघड्या रस्त्यांवरची रात्रीची रॅली लहानच राहील, आणि ती लहान राहण्यातच तिचा जीव आहे.

*

मराठी वाचकाने हे का वाचावं? आपलाही एक धागा या इतिहासात गुंतलेला आहे. १९६८ ची तीच लंडन–सिडनी मॅरेथॉन भारतातून गेली. लंडनहून निघालेल्या ९८ गाड्यांपैकी ७२ मुंबईला पोहोचल्या, आणि सर्वांत पुढे होता तो रॉजर क्लार्क. मुंबईहून त्या गाड्या चुसान बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढे १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली ती मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने. नाशिकच्या परिसरातली महाराष्ट्र रॅली राष्ट्रीय मालिकेचा भाग राहिली आहे. आणि आपल्याकडे क्लब भरवतात त्या वेळ-वेग-अंतराच्या रॅल्या तर या वेल्श खेळाच्या सख्ख्या बहिणी: तीच तिठ्यांची आकृतीपुस्तिका, तोच घड्याळाशी हिशेब, तीच शेजारच्या सीटवरच्या माणसाची कसोटी.

रात्रभर जागून बघण्याची रीत आपल्याला नवी नाही. कोकणातला माणूस दशावतारासाठी उजाडेपर्यंत मांडी घालून बसतो. नवा आहे तो उघड्या रस्त्यावरचा शिष्टाचार. सह्याद्रीच्या घाटांत सुट्टीच्या दिवशी गाड्यांचे ताफे जातात, वाडीच्या अंगणासमोर हॉर्न वाजतात, धबधब्याच्या वळणावर रस्ता अडतो. त्या वाडीतल्या माणसाला कुणी आधी जाऊन विचारलेलं नसतं. स्पर्धा किंवा सहल यांसाठी दुसऱ्याच्या गावात शिरण्याआधी दार ठोठावून विचारायचं, हा वेल्सच्या क्लबांनी पन्नास-साठ वर्षांत घासून पक्का केलेला नियम आपण तसाच उचलावा, असं मला मनापासून वाटतं.

हे पुस्तक कसं वापरावं, ते शेवटी. पहिला भाग नकाशा वाचायला शिकवतो. तो लँडरेंजरचा एक तरी नकाशा समोर पसरूनच वाचावा. दुसरा भाग स्पर्धेची यंत्रणा सांगतो: कंट्रोल, वेळपत्रक, दंडांचा हिशेब, मार्शलची कामं. तिसऱ्या भागात जागा कशी निवडावी, कुठे उभं राहू नये आणि रस्त्याकडेला कसं वागावं, हे आकृत्यांसह आहे. घाई असेल त्याने तिसराच भाग आधी वाचावा. त्यातली एक जरी सूचना पाळता येणार नसेल तर घरीच राहावं.

आणि ज्याला हा खेळ खरोखर जवळून बघायचा आहे, त्याने प्रेक्षक म्हणून सुरुवात करूच नये, मार्शल व्हावं. मोटरस्पोर्ट यूकेची प्राथमिक मार्शल तालीम विनामूल्य आहे, आणि छोट्या क्लबांना माणसांची कायम टंचाई असते. मार्शलच्या जागेइतकी चांगली जागा कुठल्याही प्रेक्षकाला मिळत नाही: प्रत्येक गाडी त्याच्यासमोर थांबते, प्रत्येक नॅव्हिगेटर त्याच्यापुढे कार्ड धरतो, वेळ त्याच्याच हाताने लिहिली जाते. बघण्याची किंमत म्हणून एक रात्र काम करावं लागतं. मला ही किंमत रास्त वाटते. खरं तर या खेळाची तिकीटखिडकी तीच आहे, आणि तिथे रांग लागावी एवढीच हे पुस्तक तुमच्या हाती देताना इच्छा आहे.